एकवीस वेळा लस

द्वारका, नाशिक
४ नोव्हेंबर २०२४

ताई, जय भीम.

तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हे कागदावर. कागद ब्लॉक करता येत नाही. फाडता येतो, पण फाडण्याआधी माणूस दोन ओळी वाचतोच आणि मला तेवढ्याच पुरे आहेत.

पहिली ओळ : उंदरांच्या खुणा मी चुकवल्या नाहीत.

दुसरी ओळ : उंदरांच्या खुणा मी चुकवल्या नाहीत.

आता फाड, नाहीतर पुढे वाच.

द्वारकेला एका टायरवाल्याच्या बाकड्यावर बसलोय. सटाण्याची काळीपिवळी भरेपर्यंत वेळ आहे. ड्रायव्हर म्हणतो अजून तीन सीट, आणि तो हे तासाभरापासून म्हणतोय. पलीकडे एक माणूस फक्त गाड्यांचे आरसे विकतोय, डाव्या बाजूचे वेगळे, उजव्या बाजूचे वेगळे. मी विचारलं, कोणते जास्त जातात? म्हणाला, डावे. का ते त्यालाही माहीत नाही. असो.

काल लॅबमध्ये नईम सरांच्या खोलीत तू एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीस. सर बोलले त्याचं मला काही नाही. त्यांनी निदान मला प्रश्न तरी विचारला. "नवनाथ, ज्या वीस उंदरांना लस दिली ते सगळे जखमांनी भरलेत आणि ज्यांना दिली नाही ते ठणठणीत. असं कसं होईल? शेपटीवरच्या खुणा तू ओढतोस. कोणत्या दिवशी गोंधळ झाला ते सांग, मी ओरडणार नाही." मी म्हणालो, कोणत्याच दिवशी नाही. मग ते तुझ्याकडे वळले आणि तू टेबलाकडे बघून म्हणालीस, "सर, त्याचं लक्ष कशातच टिकत नाही."

खोटं नाही ते. शाळेत टिकलं नाही, दहावी दोन हप्त्यांत झाली, बारावीच्या दारावरून परत आलो. ट्रकवर क्लीनर होतो, आठ महिने. इगतपुरीच्या ढाब्यावर पाच. शिर्डीत फुलांच्या गाडीवर किती ते आठवतही नाही. पण या उंदरांवर टिकलं. चौदा महिने, ताई. रविवार धरून. तू कामाला लावलंस म्हणून टिकलं असं समजू नकोस, मला ते जनावर आवडलं म्हणून.

तिथे मला शेवटपर्यंत बोलू दिलं नाही, म्हणून तुला माहीत असलेलंच पुन्हा लिहितो. चाळीस पांढरे उंदीर. आठ पिंजरे, एकेकात पाच. शेपटीवर काळ्या मार्करच्या रेघा, रेघांवरून नंबर. वीस जणांना लस, वीस जणांना नुसतं मिठाचं पाणी, आणि एकाच पिंजऱ्यात दोन्हीकडचे. कोणाला काय टोचलं ते मला कळू द्यायचं नाही, म्हणजे मी कोणाचे लाड करणार नाही. दोन्ही वेळा सुई पल्लवी मॅडमनी दिली. यादी त्यांच्याकडे. त्या हैदराबादला गेल्या तेव्हा यादी तुझ्याकडे. त्यानंतर चाळीसही जणांचं थेंब थेंब रक्त घेऊन फ्रीझरमध्ये ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांच्या कातडीखाली जिवंत जंतू सोडले. तिथून पुढे माझं काम : रोज सकाळी एकेकाला उचलायचं, वजन करायचं, दिसेल ते वहीत लिहायचं. रेघ पुसट दिसली की पहिली पूर्ण जायच्या आत तिच्यावरच दुसरी ओढायची. आत्तापर्यंत एकदाही एखादी शेपूट कोरी होऊ दिली नाही. शेवटी सरांनी स्वतः एकेकाच्या जखमा बघितल्या आणि नंबरावरून तुझ्या यादीशी ताडल्या. यात गोंधळ कुठे बसतो ते मला दाखव.

वहीचं म्हणशील तर ती कुठे आहे मला माहीत नाही. निघालो तेव्हा कपाटात होती.

ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. तीन सीट भरल्या वाटतं.

नवनाथ


नामपूर
९ नोव्हेंबर

ताई,

तुझं पाकीट आईकडे माझ्याआधी पोचलं. मी घरी येणार हे तुला कसं कळलं माहीत नाही. मलाच सटाण्यापर्यंत नक्की नव्हतं.

आई मार्केटमध्ये कांदा निवडायला बसली होती. मला बघून उठली नाही. पदराला हात पुसून पाकीट दिलं आणि म्हणाली, "सही करी टाक बेटा. तिनं लगीन ठरी ऱ्हायनं." मी म्हटलं, आणि माझं? तर म्हणते, "तुन्हं काय, तू ते फिरतच ऱ्हास." बाजूच्या बाया हसल्या. एकीने विचारलं उंदरांच्या दवाखान्यात कामाला होता तो हाच का. हाच, म्हणाली आई. कौतुकाने म्हणाली की कसं, ते मला कळलं नाही.

तुझा टाइप केलेला माफीनामा मी चारदा वाचला. "शेपटीवरील खुणा माझ्या निष्काळजीपणामुळे चुकीच्या ओढल्या गेल्या व त्यास मी सर्वस्वी जबाबदार आहे." सर्वस्वी हा शब्द माझा वाटेल का कोणाला? सोबत तुझी चिठ्ठी : तीस तारखेला सर फाइल बंद करणार, पुढच्या तपासण्या थांबवल्यात, फ्रीझरमधल्या रक्ताच्या नळ्या त्याच दिवशी जाळायला जाणार, त्याआधी सही पाठव. खाली एवढंच, संजना. ताईसुद्धा लिहिलं नाहीस.

सही करत नाही. कारण लिहितो, तू शिकलेली आहेस, तपासून बघ.

समज मी गाढव आहे. समज मी शेपट्या बघितल्याच नाहीत, हाताला येईल ती रेघ ओढली. मग काय झालं असतं? खिचडी. लसवाले थोडे आजारी, थोडे बरे. पाण्यावालेही तसेच. पण तुझ्या कागदावर खिचडी नाही. वीसच्या वीस लसवाले आजारी, आणि पाण्यावाल्यांत फक्त एक. इतकं व्यवस्थित उलटं माझ्याकडून चुकून होईल? मी मोजा उलटा घालतो तोसुद्धा एकच घालतो.

तिथे मी काय बघितलं ते कोणी विचारलं नाही, तेही सांगतो. जंतू सोडले त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच गाठ आली. चाळीसच्या चाळीस. सगळे तुसात तोंड खुपसून, अंगावरचे केस उभे, एकावर एक चढून बसलेले. मी सरांना म्हटलं, सर, लस फुकट गेली. ते हसले. म्हणाले, "लस म्हणजे दाराला कुलूप नाही रे. जंतू आत येणारच. प्रश्न पुढच्या चार दिवसांचा आहे." मला ते लगेच समजलं. ट्रकवर असताना आमची गाडी नाक्यावर पहिल्यांदा अडवली तेव्हा तिथल्या माणसाने ताडपत्री सोडून, पोती मोजून अर्धा दिवस घालवला. दुसऱ्यांदा त्याने लांबूनच नंबर ओळखला आणि आम्ही ब्रेक दाबायच्या आत काठी आडवी केली. लस घेतलेल्या अंगाचं तसंच असणार. तिसऱ्या दिवशी काही जणांची गाठ बसायला लागली. काहींची फुटली. पाचव्या दिवशी तर पिंजऱ्याकडे बघूनच सांगता येत होतं : हे दोन धावतायत, दाणे कुरतडतायत, आणि हे तीन कोपऱ्यात.

म्हणजे फरक पडला होता, ताई. डोळ्यांना दिसत होता. मग लस चालली, फक्त कागदावर उलटी चालली. का, ते मला माहीत नाही. पण कागद माझ्याकडे कधीच नव्हता.

आईने आत्ताच विचारलं, सही केली का. मी म्हटलं, पेन चालत नाही. तिने मार्केटमधल्या हिशेबनीसाचं आणून दिलं, त्यानेच हे लिहितोय.

नवनाथ


सुरगाण्याजवळून
१७ नोव्हेंबर

ताई,

आधी एक कबूल करतो. वही माझ्याकडे आहे. मी निघताना पिशवीत टाकली. चोरी म्हण. चौदा महिन्यांचं माझं अक्षर त्यात होतं आणि ते मला त्या खोलीत ठेवायचं नव्हतं.

इकडे कसा आलो ते सांगायला घेतलं तर पत्र संपेल. नामपूरहून निघालो तो देवळ्याला उतरणार होतो, पण गाडीत एकाशी गप्पा लागल्या. "तुन्हं नाव काय शे" पासून सुरू झालं ते त्याच्यासोबत कळवणपर्यंत गेलो आणि तिथून त्याच्या ओळखीच्या भागीबाईंकडे भात कापायला. साठीच्या आहेत, एकट्या राहतात. डोंगरउतारावर त्यांची चार खाचरं आहेत. गुडघ्यात वाकून कापायचं, पेंढ्या बांधायच्या, खळ्यावर आणायच्या. बरं काम आहे. डोकं मोकळं राहतं. उंदरांखाली आपण जो तूस अंथरायचो तो कुठून यायचा ते आता कळलं.

तिसऱ्या दिवशी कापलेल्या भाताचा खुंट टाचेत घुसला. चप्पल काढून ठेवली होती, सगळे काढतात. दोन दिवस मी कोणाला सांगितलं नाही. परवा चालता येईना तेव्हा भागीबाईंनी पाय ओढून मांडीवर घेतला, दाबून बघितला आणि म्हणाल्या, "लस येती हाय रं ह्यातून. पू नाय झाला अजून."

तेवढ्यात आशाताई आल्या, चैताली नाव त्यांचं. घरोघर काहीतरी लिहून घेत होत्या. पाय बघून त्यांनी मला विचारलं, "लस घेतली का?"

उत्तर भागीबाईंनी दिलं. "घ्यायची कशाला? आपोआपच येती हाय कालपासून."

"अहो मावशी, ती नाही. धनुर्वाताची. इंजेक्शन."

"मंग इंजेक्शन म्हण की. लस काय म्हणती."

खळ्यावरचे सगळे हसले. मीही हसलो. आणि हसता हसता, ताई, माझे कान गरम झाले. मी लंगडत आत गेलो आणि पिशवीतून वही काढली.

जंतू सोडल्यानंतरचा पाचवा दिवस. पान उघड, म्हणजे तुला उघडता येणार नाही, माझ्याकडे आहे, मीच सांगतो. चाळीस नंबर, पुढे वजन, पुढे शेरा. ज्याची गाठ फुटून पाणी सुटलं त्याच्या शेऱ्यात मी काय लिहिलंय? लस. आई जे म्हणायची तेच. गुडघा फुटला की आई विचारायची, लस येते का पू, आणि त्यावरून हळद लावायची की दवाखान्यात न्यायचं ते ठरवायची. मी तोच शब्द लिहिला, दुसरा मला येत नाही. लस, लस, लस. एकवीस वेळा.

आणि त्या एकवीसपैकी वीस शब्दांसमोर हिरव्या पेनाची बारीक टिक आहे.

हिरवं पेन आपल्या मजल्यावर एकाच माणसाकडे आहे.

मला तो दिवस आठवतो. तू दुपारी जनावरांच्या खोलीत स्टुलावर बसून वही बघत होतीस. मी दोन दारं सोडून पाण्याच्या बाटल्या धूत होतो. काचेतून दिसत होतीस. नंतर मी वही उघडली, टिका बघितल्या आणि मला वाटलं, ताईने माझं काम तपासलं. बरोबर दिलं. मी त्या दिवशी खूश होतो. घरी जाताना भजी घेतली होती, तुला आठवत असेल, तू म्हणालीस कशाची पार्टी. मी म्हटलं, अशीच.

पल्लवी मॅडमची यादी हरवली, हो ना? पाहुणे बघायला येणार होते म्हणून तू नामपूरला पळालीस, त्या गडबडीत. मग वहीत तुला लस दिसली. तुला वाटलं, मॅडमच्या यादीवरून मी गुपचूप उतरवून ठेवलंय. सुटलीस. टिका करत गेलीस आणि मोजल्या तर एकवीस भरल्या. दिली होती विसाला. तेव्हा तरी थांबायचं होतंस. तू थांबली नाहीस, सत्तावीस नंबरला टिक केली नाहीस आणि पुढे गेलीस. पाण्यावाल्यांतला एकटा आजारी, तो हाच सत्तावीस.

ज्यांना लस मिळाली नव्हती त्यांना लस आली, आणि ज्यांना लस आली त्यांना तू कागदावर लस दिलीस. हे मी तीनदा मोठ्याने म्हणून बघितलं. भागीबाई म्हणाल्या, ताप चढला वाटतं.

इंजेक्शन घेतलं. दुखतंय.

नवनाथ


सुरगाण्याजवळून
२४ नोव्हेंबर

ताई,

मागच्या पाकिटावर मी नंबर लिहिला होता, त्यावर, भागीबाईंच्या फोनवर तू फोन केलास तेव्हा त्यांचं अर्धं गाव खळ्यावर होतं. स्पीकर कसा बंद करायचा ते त्या फोनवर कोणालाच माहीत नाही. म्हणून मी जास्त बोललो नाही. आता बोलतो.

तू म्हणालीस, "तू वही चोरलीस." मी म्हटलं, हो. तू म्हणालीस, "मग तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?" मी म्हटलं, कोणी ठेवू नये, रक्त तपासावं. मग तू रडलीस. मग म्हणालीस, "नवनाथ, हात जोडते, सही कर. माझं काँट्रॅक्ट मार्चला संपतंय, नवीन करणं सरांच्या हातात आहे. मनमाडच्या लोकांना मी सायंटिस्टच्या हाताखाली आहे म्हणूनच पसंत आहे. तुला तर ही नोकरी सोडायचीच होती कधीतरी."

ते कधीतरी माझं होतं, ताई. मी कंटाळून निघून गेलो असतो, एखाद्या सकाळी, न सांगता, हे मला मान्य आहे. पण ते मी गेलो असतो. घालवणं वेगळं. आणि सर्वस्वी जबाबदार म्हणून सही करून घालवणं त्याहून वेगळं. त्या कागदानंतर मी कुठेही जनावराला हात लावायला गेलो तर लोक म्हणतील, हा तोच, याला शेपटी ओळखता येत नाही.

आणि माझं सोड. सर ही लस बंद करतील. चालणारी लस, तुझ्या कागदावरून. तू मला पहिल्या महिन्यात सांगितलं होतंस की हे जंतू जळालेल्या माणसांच्या वॉर्डात असतात, औषधाला दाद देत नाहीत. मी तेव्हा सगळं ऐकत होतो. तुला वाटतं मी ऐकत नाही.

मी फोनवर एकच विचारलं होतं. तेवढ्यात रेंज गेली की तू कट केलास, माहीत नाही. पुन्हा विचारतो. मी दोन दारं सोडून होतो. विचारलं का नाहीस? "नवा, ही कोणती लस?" एवढंच. यादी हरवल्याचं मला कळलं असतं म्हणून? कळू द्यायचं. दोन दिवस चिडवलं असतं, हो, चार दिवस चिडवलं असतं. मग दोघांनी मिळून सरांना सांगितलं असतं.

आता ऐक. फ्रीझरचा खालचा कप्पा, डावीकडचा डबा. चाळीस नळ्या. ते रक्त जंतू सोडायच्या आधीचं आहे. लस मिळालेल्या अंगाने तोवर जे बनवलं असेल ते त्यात असणार, पाण्यावाल्यात नसणार. हे तूच मला शिकवलंस, मी फक्त परत म्हणतोय. तुझ्या यादीतल्या विसांत ते निघालं तर शेपट्या मी नंतर चुकवल्या, आणि तिथेच सरांसमोर त्या माफीनाम्यावर दोनदा सही करीन. दुसऱ्या विसांत निघालं तर शेपट्या बरोबर आणि यादी उलटी.

मी २९ तारखेला सकाळी दहाला सरांच्या खोलीत येतोय. वही घेऊन. त्याआधी तुझ्याकडे चार दिवस आहेत, एवढे मी तुला मुद्दाम ठेवलेत. तू आधी सांगितलंस तर तू सांगितलंस असं होईल. नाही सांगितलंस तर मी पान उघडून टेबलावर ठेवीन आणि हिरव्या टिकांचं सर ज्याला विचारायचं त्याला विचारतील. माझ्याकडून गप्प बसणं होणार नाही. बहीण म्हणूनही नाही.

भात संपत आलंय. भागीबाई म्हणतात, बहिणीला एवढं कडक लिहू नये. त्यांना वाचता येत नाही, पण मी लिहिताना कागद दाबतोय ते त्यांना दिसतं.

नवनाथ


मु. पो. देवळा, कांदाचाळीजवळ
४ डिसेंबर

ताई,

२९ तारखेला मी काही न बोलता निघून आलो. ते भांडण म्हणून नव्हतं. आता लिहितो.

मी दारात आलो तेव्हा सर म्हणाले, "उशिरा आलास." मी घड्याळ बघितलं, दहाला पाच होते. तेव्हा टेबलावर तो कागद दिसला. दोन दिवसांपूर्वीची तारीख. तू तपासणी आधीच केली होतीस आणि यादीचंही सरांना सांगितलं होतंस. तुझ्या यादीतल्या वीसपैकी फक्त तिघांच्या रक्तात लशीचा पत्ता लागला. उरलेल्या विसांत सतराजणांच्या. म्हणजे ज्यांना खरी लस मिळाली त्या विसांपैकी तिघांच्याच जखमेला पाणी सुटलं, आणि ज्यांना मिठाचं पाणी मिळालं त्यांच्यातल्या, सत्तावीस धरून, अठराजणांच्या. सर हे आकडे बोटाने दाखवत होते आणि प्रत्येक आकड्यावर बोट आपटत होते. मला वाटलं रागाने. नंतर कळलं, ते खूश होते आणि रागावलेही होते, दोन्ही एकदम.

मी वही टेबलावर ठेवली. सरांनी पाचव्या दिवसाचं पान काढलं. टिका बघितल्या. सत्तावीसवर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी तुला विचारलं, "संजना, त्याला विचारलं होतंस, हे लस म्हणजे काय?"

तू म्हणालीस, "नाही सर."

"का?"

मी तुला ओळखतो. एखादं बरं दिसेल असं कारण तुला सहज सुचलं असतं. आणि तू म्हणालीस, "मला वाटलं, त्याला काय विचारायचं."

खोलीत तो एसी चालू होता, टप टप पाणी गळतं तो. मला वाटत होतं, तू असं म्हणशील तर मी काहीतरी मोठं बोलेन. माझ्याकडे वाक्यं तयार होती, बसमध्ये तयार केली होती, चांगली होती. पण तू ते माझ्याकडे बघून म्हणालीस. या सगळ्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघून. आणि मी निघालो.

सरांचा फोन काल इथे आला. तुला कळलंच असेल. प्रयोग जानेवारीत पुन्हा होणार, नवे चाळीस उंदीर, यादीच्या तीन प्रती. तुला मार्चपर्यंत ठेवलंय, पण यादीला हात लावायचा नाही. हे तुला लागणार. लागू दे. मी ते हलकं करायला काही लिहिणार नाही. मनमाडच्या लोकांना तू स्वतः सांगितलंस असं आई म्हणाली, आणि ते अजून काही बोलले नाहीत असंही म्हणाली. ते नाही म्हणाले तर आई मला बोलेल. बोलू दे. मी तरीही तेच केलं असतं.

मला परत बोलावलंय. एक अट घातलीय : शेरा यापुढे इंग्रजीत लिहायचा. मी सरांना सांगितलं, मी आलो तर मराठीत लिहीन. जखमेतून पाणी आलं तर लस लिहीन, कारण ती लसच आहे, माझ्या आईच्या आधीपासून आहे. ज्याला कळणार नाही त्याने मला हाक मारावी, मी बाटल्या टाकून येईन. सर म्हणाले, "अडून बसू नकोस." मी म्हटलं, सर, मी कुठे बसतो, विचारा कोणालाही. ते हसले, पण हो म्हणाले नाहीत. मीही म्हणालो नाही. जानेवारीपर्यंत बघू. तोवर इथे चाळीत कांदा उलथतो आणि सडका बाजूला काढतो. एक सडका राहिला की आठवड्यात शेजारचे चार जातात. इथे मुकादम रोज मला विचारतो, नवनाथ, आज किती काढले, वास कुठून येतोय. मी सांगतो, तो ऐकतो, त्या बाजूला माणसं लावतो. सातवी शिकलाय तो.

तू खरं बोललीस हे मी कुठेही, कोणासमोरही सांगेन. तुला सोपं नव्हतं. पण खरं बोललीस म्हणून ते वाक्य पुसलं गेलं असं नाही. तुला चौदा महिने शेजारी राहून वाटलं, त्याला काय विचारायचं. मला ते गिळायचं नाही आणि मी गिळणारही नाही.

त्याच्यावर मला एकच उपाय दिसतो. तुला माझ्याबद्दल जे जे माहीत आहे असं वाटतं ते सगळं बाजूला ठेव आणि मला काहीतरी विचार. पाय कसा आहे हे चालेल. उंदरांबद्दल चालेल. तुला खरंच माहीत नसलेलं काहीही. पत्ता वर पूर्ण लिहिलाय, या वेळी पहिल्यांदाच.

नवनाथ